नानाईच्या वर्षीची बंदी

वुनिमोली गावच्या बायका वय वर्षांत सांगत नाहीत. कारालाइनीला कुणी विचारलंच तर ती विणत्या चटईवरून मान वर न करता म्हणायची, "लग्न झालं तेव्हा नानाई आले होते. नवरा गेला तेही नानाईच्याच वर्षी. मधले किती झाले ते तू मोज, मला चटई संपवायचीय."

नानाई हे किडे. आठ वर्षं ते जमिनीखाली झाडाच्या मुळांचा रस पीत पडून असतात आणि आठव्या वर्षी सगळे मिळून वर येतात. खोडावर चढतात, कात टाकतात, पंख वाळवतात आणि मग काही आठवडे असा कालवा करतात की शेजारी बसलेल्याची हाक ऐकू येत नाही. नुकती कात टाकलेले मऊ नानाई नारळाच्या दुधात शिजवले की ती चव माणसाला आठ वर्षं पुरते, असं म्हणायची रीत आहे. पुरत नाही. पुरत असती तर म्हातारी माणसं सातव्या वर्षापासूनच बांबूच्या बेटात जाऊन जमिनीला भोकं पडलीत का ते बघत फिरली नसती.

कारालाइनी लहान असताना एका नानाईच्या वर्षी तिने आणि तिच्या थोरल्या भावाने, पेथेलीने, एकाच पानातून नानाई खाल्ले होते. पुढच्या वेळी ते आले तेव्हा पेथेलीला मिसरूड फुटलं होतं आणि तो पुरुषांच्या बाजूला बसला होता. आमच्याकडे बहीणभाऊ मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत, एका ताटात जेवत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. भावाचं नावसुद्धा बहीण तोंडाने घेत नाही. काही सांगायचं असेल तर मध्ये तिसरं माणूस लागतं, आणि पेथेलीचं लग्न झाल्यापासून ते तिसरं माणूस म्हणजे त्याची बायको तोरिका. भाऊ आतल्या खोलीत, बहीण ओट्यावर, आणि मध्ये दारात तोरिका. "दादाला सांग, रताळी पाठवलीत." "तिला सांग, मिळाली." दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत असे, तरी तोरिका प्रत्येक वाक्य इमानेइतबारे इकडून तिकडे पोचवी आणि वर स्वतःचा मीठमसाला घाली.

"वन्सं, ते म्हणतात रताळी गोड होती. मी म्हणते, कीड लागलेली होती. दोघांतलं खरं कुणाचं ते तुम्ही ठरवा."

"वहिनी, कीड रताळ्याला नव्हती. तुझ्या घरात गेल्यावर लागली असेल."

नणंद-भावजयीला इथे वाट्टेल ते बोलायची मुभा आहे, आणि त्या दोघींनी ती कधी वाया घालवली नाही.

पेथेली गावप्रमुखाचं तोंड होता. म्हणजे प्रमुखाने मनात आणायचं आणि पेथेलीने ते चारचौघांत बोलायचं. पाहुण्याने मागणी घेऊन यांगोनाची, म्हणजे कुटून प्यायच्या मानाच्या झुडपाची, मुळी पुढे ठेवली की ती स्वीकारायची पेथेलीने. त्याने मुळीला हात लावला की मागणी मान्य, नाही लावला तर नामंजूर. त्याच्या बापाचंही हेच काम होतं. पेथेली तसा अबोल माणूस. जन्मभर दुसऱ्याचे शब्द बोलणाऱ्याला स्वतःचे शब्द फारसे उरत नसावेत.

त्या वर्षी म्हातारा प्रमुख अचानक गेला. सकाळी नदीवर तोंड धुतलं आणि दुपारी नाही. प्रमुख गेला की शंभर रात्री सुतक पाळायचं, आणि त्याच्या मानासाठी गावच्या हद्दीतला एखादा भाग बंद करायचा. तिथलं पान तोडायचं नाही, मासा धरायचा नाही, काही उचलायचं नाही. पुरण्याच्या दिवशी सगळं गाव बसलेलं असताना पेथेली उभा राहिला आणि त्याने नदीकाठचं सगळं रान बंद केलं, बांबूच्या बेटापासून डोंगराच्या धारेपर्यंत. नानाई तिथेच निघतात, आणि ते वर्ष नानाईचं होतं.

पुरुष दुःखात होते, कुणाच्या ध्यानात आलं नाही. मागच्या रांगेत बसलेल्या कारालाइनीच्या मात्र चटकन ध्यानात आलं. तिची मान वर झाली. तोरिका त्या वेळी चुलीपाशी होती, निरोप न्यायला जवळ कुणी नव्हतं. आणि भाऊ चारचौघांत बोलत असताना बहिणीने मध्ये तोंड घालायचं, हे तिच्या स्वप्नातही येण्यासारखं नव्हतं. तिने मान खाली घातली. पेथेलीने नारळाची झावळी बांधलेला खांब रोवला आणि बंदी लागली.

सुतक अर्ध्यावर आलं असेल नसेल, तोच पेथेली आजारी पडला. पोटातलं दुखणं. त्याला सिंगातोका शहराच्या दवाखान्यात नेलं, तिथून तो परत आला तो चटईवर पडण्यासाठीच. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तोरिकाने कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तिचं थट्टा करणं बंद झालं, त्यावरून गावाने ओळखलं.

आणि मग नानाई आले. तिन्हीसांजेला नदीकाठचं रान नुसतं सळसळत होतं. खोडांवर, बांबूवर, बंदीच्या त्या खांबावरसुद्धा ते चढत होते. लोक अलीकडे उभे राहून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "आता हे फुकट जाणार." दुसरा म्हणाला, "फुकट कसे? डोळे भरून बघ की." कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोरिका कारालाइनीच्या घरी आली. "रात्रभर विचारत होते, नानाई आले का, नानाई आले का." तिने डोळे पुसले नाहीत, कारण डोळे कोरडेच होते. तिने चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं. "वन्सं, चार दिवसांत एक घास पोटात गेलेला नाही."

कारालाइनीला झोप लागली नाही. आपल्या भावाला जाताना एक घास नानाईचा मिळावा, एवढंच तिला हवं होतं, आणि तो घास हाताच्या अंतरावर झाडाला लटकत होता. त्या दिवशी आपण तोंड उघडलं असतं तर, हे तिच्या मनातून जाईना.

तिचा मुलगा कामिनिएली सरळ म्हणाला, "आई, मी भाचा आहे. मामाचं ते माझं, ही रीत तुझीच ना? जाऊन टोपली भरून आणतो. मला कोण विचारणार?"

"कुणी नाही विचारणार. पण बंदीतले नानाई तो खाईल का?"

मामाला तोही ओळखून होता.

बंदी उठवायची तर रीतसर मागणी करायला हवी. पण करायची कुणाकडे? जुना प्रमुख गेलेला, नवा सुतक फिटल्याशिवाय बसणार नाही. मधल्या काळात शब्द पेथेलीचा. म्हणजे पेथेलीला घास मिळावा म्हणून पेथेलीपुढेच मुळी ठेवायची. कारालाइनीने परसातली सगळ्यांत चांगली यांगोना खणून काढली, धुतली, बांधली आणि मुलाच्या हाती दिली. स्वतः भावाच्या ओट्यावर जाऊन बसली. रान असं कर्कश ओरडत होतं की आतलं काही ऐकू येईना.

बऱ्याच वेळाने कामिनिएली बाहेर आला. मुळी त्याच्या हातात तशीच होती.

"हात लावला नाही. म्हणाला, मेलेल्या माणसासाठी मी रान बांधलं. माझ्या पोटासाठी सोडलं, तर हे तोंड आजवर कशाला वागवलं?"

कारालाइनीला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा भावाचा राग आला, आणि तो चांगला सणसणीत होता. "मोठा आलाय शब्दाचा," ती म्हणाली. मुलगा दचकून तिच्याकडे बघत राहिला. ती उठली आणि घरी गेली. तीन-चार दिवस तिने त्या ओट्याकडे पाऊल टाकलं नाही. नानाई ओरडत राहिले आणि ती चटई विणत राहिली. चटई कशासाठी आहे हे तिच्या हातांना ठाऊक होतं. भावाला पुरताना गुंडाळायची चटई बहिणीच्या घरून जाते. एका दुपारी ती अर्धवट चटई काखेत मारून ती पुन्हा भावाच्या ओट्यावर आली. रागाचं काय, तो मागाहूनही धरता आला असता.

तोरिका कपड्यांचं बोचकं घेऊन नदीकडे निघालेली तिला वाटेतच भेटली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. कारालाइनी कुडाला पाठ टेकून विणायला बसली. कुडाच्या पलीकडे पेथेलीची उशी होती. त्याचा श्वास तिला अधूनमधून कळे, मग नानाईंच्या आवाजात बुडून जाई.

ढग आले. ऊन गेलं की नानाई गप्प होतात. सगळं रान एकाएकी थांबलं, आणि त्या शांततेत आतून आवाज आला.

"तोरिका, तिला सांग, मी नानाई खायला मागितले नव्हते."

कारालाइनीचे हात थांबले. तापात बोलतोय, तिला वाटलं. बायको इथेच आहे असं वाटतंय त्याला. उठून कुणाला तरी बोलवावं का?

"तोरिका, तू नदीवर गेली आहेस ते मला माहीत आहे. तरी सांग तिला. आले का, एवढंच विचारत होतो."

पेथेली पलीकडून कुडाला कान लावून पडला असावा. कारालाइनी समोरच्या रिकाम्या दाराकडे बघून म्हणाली, "वहिनी, दादाला सांग, आले. पुष्कळ आलेत."

"तिला सांग, पुरण्याच्या दिवशी तिची मान वर झालेली मी पाहिली होती."

"वहिनी, दादाला विचार, मग थांबला का नाही?"

"शब्द तोंडातून गेला होता, म्हणावं. पुढचं वाक्य म्हणेपर्यंत मलाही आठवलं. पण तोवर लोकांनी ऐकलं होतं."

म्हणजे ते दोघांनाही माहीत होतं. इतके दिवस ती एकटीच स्वतःला खात बसली होती. तिला हसूही आलं आणि रडूही आलं. ढग तसेच होते.

शेवटी तिने विचारलं. असं काही कधी कुणाला विचारेन असं तिला वाटलं नव्हतं. "वहिनी, दादाला विचार, त्याला भीती वाटते का?"

आत कूस वळल्याचा आवाज झाला.

"तोरिका, तिला सांग, हो. फार वाटते." मग थोड्या वेळाने, "आणि तिला सांग, बसून राहा म्हणावं."

ती बसून राहिली. ऊन पुन्हा पडलं, रान पुन्हा ओरडायला लागलं. तोरिका ओले कपडे घेऊन आली तेव्हा कारालाइनी तशीच कुडाला टेकून होती आणि मांडीवरच्या चटईत एक धागाही पुढे गेलेला नव्हता.

दोन दिवसांनी पेथेली गेला. बंदी अजून उठायची होती. त्याच्यासाठी वेगळी लावावी लागली नाही. नानाई हळूहळू झाडांवरून गळून पडले, मातीवर त्यांच्या पंखांचा थर साचला, आणि गावात त्या वर्षी एकानेही एक नानाई खाल्ला नाही.

चटई पोचवून झाली, माणसं पांगली, तेव्हा दोघी चुलीपाशी उरल्या. तोरिका जाळाकडे बघत होती.

"वन्सं, त्या दिवशी मी नदीवर होते ना, तेव्हा मी तुम्हाला काय काय निरोप दिले?"

कारालाइनीने तिच्याकडे पाहिलं. तोरिकाने वाटेवरून थोडं ऐकलं असावं, किंवा काहीच नसावं. कारालाइनीने सगळं सांगितलं, क्रमाने, एकही शब्द न गाळता. भीतीचं सांगताना तिचा आवाज खाली आला.

तोरिकाने निखारे एकत्र सारले. "इतकी वर्षं एका चटईवर झोपले," ती म्हणाली. "मला कधी नाही म्हणाले, भीती वाटते म्हणून."

"तुलाच तर म्हणाला, वहिनी," कारालाइनी म्हणाली. "नाव तुझंच घेतलं."