वेढ्यात दिलेली बहीण

सार्सच्या साथीच्या वर्षी आम्ही सिंगापूरमधल्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये अडकून पडलो. ज्याच्याकडे जेवायला गेलो होतो, त्या नवऱ्याच्या सहकाऱ्याला आजार निघाला आणि नवरा, मी नि आमची पाच वर्षांची लेक, तिघांनाही घराबाहेर पाऊल टाकायची बंदी झाली. मजल्यावरचे लोक आमच्या दारावरून घाईघाईनं जात. शेजारच्या चिनी आजी तेवढ्या थांबत. नव्वदी ओलांडलेल्या. त्यांची मुलगी निवृत्त शिक्षिका. ती आमच्यासाठी लिटिल इंडियातून तूरडाळ आणून दाराशी ठेवी. आजी कॉरिडॉरमध्ये लांब खुर्ची टाकून बसत, आम्ही जाळीच्या दाराआड. त्या आपल्या बोलीत बोलत, मुलगी ते इंग्रजीत सांगे.

एका दुपारी लेक जाळी हलवत, शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत रडत होती. "आय वॉन्ट टू गो डाउन लाह!"

ती काय म्हणते ते कळल्यावर आजी म्हणाल्या, "आमच्या गावाचे दरवाजे बंद झाले तेव्हा मीही अशीच रडायचे."

आजींचं गाव चीनमधलं, तटबंदीचं. बादशाही बुडून काही वर्षं झाली होती. राज्य कुणाचं हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. एकाच फौजेत वाढलेले दोन सेनापती त्या मुलखासाठी एकमेकांवर उठले. एक गावात शिरून बसला, दुसऱ्यानं बाहेरून वेढा घातला. आजींचे वडील शिंपी. त्यांना तटावर विटा वाहायला धरून नेलं. हिवाळ्यात धान्य संपलं. लोक आधी कोंडा खायला लागले, मग झाडांच्या साली.

"तोफांची सवय होते," आजी म्हणाल्या. "आई चूल पेटवत नाही, याची भीती वाटायची."

त्यांना एक धाकटी बहीण होती, नुकती चालायला लागलेली. भुकेनं तिचं रडणंसुद्धा थांबलं, तेव्हा आई हादरली. गल्लीच्या टोकाला आतल्या सेनापतीचा एक हवालदार बायकोसह राहायचा. त्यांना मूल नव्हतं, आणि घरात फौजेचा शिधा येत होता. वेढा उठेपर्यंत सांभाळा, असं सांगून आई तिला त्यांच्याकडे ठेवून आली. आजी रोज जाऊन खिडकीतून बघायच्या. पोरीचे गाल भरत होते.

शेवटी व्यापारी मध्ये पडले. आतल्या सेनापतीला फौज घेऊन उत्तरेच्या दरवाजानं जाऊ द्यायचं ठरलं. ते कानावर आलं तशी आई धावली. हवालदाराचं घर उघडं पडलं होतं, आत कुणी नव्हतं. तिकडे दुसरा सेनापती वाजतगाजत गावात येत होता. आई फौजेच्या मागे रस्त्यानं पळत सुटली. संध्याकाळी वडिलांनी तिला हाताला धरून परत आणलं.

"मग? सापडली?" मी विचारलं.

शिक्षिकेनं माझा प्रश्न पुढे सांगितलाच नाही. ती आईकडे बघत राहिली. "मला मावशी होती," ती मला हळूच म्हणाली, "हे मी आज ऐकतेय."

आजी आपणहून बोलल्या. "आमच्याकडे राहिली असती तर मेली असती. आई हे शेवटपर्यंत म्हणायची. आणि शेवटपर्यंत रडायची."

आमची बंदी उठली. पुढच्या वर्षी शिक्षिका त्या गावी जाऊन आली. तट पाडून तिथे रुंद रस्ता केला होता.

"चौकशी तरी कुणाकडे करणार?" ती मला म्हणाली. "दिसेल त्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत फिरले."