अंकिताच्या सात सह्या

आमच्या जिमखान्याच्या कपाटात धड असं काही मिळणार नाही. बॅडमिंटनच्या फुलांची पिसं झडलेली, भाला एकच आणि तोही वाकडा, व्हॉलीबॉलमध्ये हवा नाही. किस्से मात्र इतके साचलेत की दार खांद्यानं लोटून बंद करावं लागतं! कर्जतच्या एका कॉलेजात मी खेळाचा मास्तर, वीस वर्षं होऊन गेली. चहाला बसलो की मित्र म्हणतात, "सर, सांगा की एखादा." सांगतो. ते हसतात. मला हल्ली हसू येत नाही.

यातले बरेचसे किस्से अंकिताचे. पळसदरीच्या धरणाच्या पलीकडं तिचं गाव. बाप भात लावतो आणि शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्या पाहुण्यांना चुलीवरचं जेवण करून देतो. पहिल्या वर्षाला असताना ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, मला पळायचंय."

"आत्तापर्यंत कुठं पळलीस गं?"

"रोजच पळते की! घर ते टेसन. गाडी चुकली तर पयला तास जातो."

मी स्टॉपवॉच लावलं. पाच हजार मीटरचं तिचं टायमिंग बघितलं आणि दुसऱ्या दिवशी परत पळायला लावलं. माझा विश्वासच बसेना!

तिला पोलीस व्हायचं होतं. विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची, बाहेर जाऊन नंबर काढायचा, मग भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करायचा. एवढंच तिच्या डोक्यात. पावसात, उन्हात, परीक्षेच्या सकाळीसुद्धा ती पळत होती.

*

आता आमचं ग्राउंड. मी चुन्याची फक्की मारून ट्रॅक आखायचा आणि संस्थेनं ते ग्राउंड लग्नाला द्यायचं, हा आमचा दरवर्षीचा खेळ. एकदा सकाळी बघतो तर ट्रॅकवर खुर्च्या मांडलेल्या, वऱ्हाड आलेलं, आणि अंकिता आपली मांडवाला वळसा घालून पळतेय. फोटोग्राफर ओरडला, "ओ ताई, दर दोन मिनिटांनी फोटोत येताय तुम्ही!"

मांडवाच्या खुंट्यांनी ट्रॅकची चाळण झाली. एका खड्ड्यात तिचा पाय मुरगळला. मी तडक प्राचार्यांकडे गेलो आणि तावातावानं बोललो. साहेबांनी शांतपणे एक फाईल उघडली.

"सर, 'मैदानाचा वापर वाढवावा' असा अर्ज तुमचाच ना?"

*

मग ती तपासणी. कॉलेजला दर्जा द्यायला बाहेरून मोठी कमिटी येणार होती. आदल्या दिवशी नेरळच्या एका जिममधून टेंपोत घालून ट्रेडमिल आणलं. जिमखान्याला रंग दिला. भाला लपवला.

कमिटीतल्या एका पाहुण्यांना ट्रेडमिल चालू बघायची हौस आली. मी अंकिताला वर चढवलं. पट्टा सुरू झाला, पोरगी पळायला लागली. पळतेय, पळतेय, उतरायचं कसं तेच तिला ठाऊक नाही!

"कसं वाटतंय बेटा?" पाहुण्यांनी विचारलं.

"भारी हाय सर! पण मगापासून पळतेय, आन् हाय तितंच हाय!"

अख्खी कमिटी हसली. शेरा एकदम उत्तम मिळाला. संध्याकाळी टेंपो येऊन ट्रेडमिल घेऊन गेला. आठवड्यानं मी नवीन भाल्याची मागणी केली, तर साहेबांनी तोच शेरा माझ्यापुढं सरकवला. "जिमखाना सुसज्ज आहे असं कमिटीच म्हणते. आता तुम्ही कमिटीला खोटं पाडणार का?"

*

तिसऱ्या वर्षी अंकिता विद्यापीठाच्या झोन स्पर्धेत पहिली आली. कॉलेजच्या भिंतीवर बॅनर लागला. मधोमध साहेब, त्यांच्या बाजूला संस्थेचे पदाधिकारी, खाली कोपऱ्यात पदक घातलेली अंकिता. 'महाविद्यालयाची शान'!

त्याच भिंतीवर डिफॉल्टर लिस्ट लागायची, हजेरी कमी पडलेल्या पोरांची. अंकिताचं नाव त्यातही होतं. सरावाच्या आणि स्पर्धेच्या सगळ्या दिवसांची गैरहजेरी लागलेली! मला वाटलं, चला, आता दोन्ही शेजारी-शेजारी दिसतंय, कुणाला तरी लाज वाटेल.

साहेब आले. थांबले. वर बघितलं, खाली बघितलं. शिपायाला हाक मारली.

"अरे, बॅनर जरा वर घे. यादी झाकली जातेय!"

*

विद्यापीठाच्या निवडीचा फॉर्म आला. त्यावर साहेबांची सही हवी. साहेब म्हणाले, "डिफॉल्टर आहे. क्रीडा समितीची शिफारस आणा." आमच्या समितीच्या अध्यक्ष अर्थशास्त्राच्या मॅडम. मॅडम म्हणाल्या, "ती त्या त्या दिवशी खेळायला गेली होती याचं कॉलेजचं पत्र आणा." पत्र द्यायचं कुणी? साहेबांनी! साहेब म्हणाले, "समितीनं शिफारस केल्याशिवाय मी पत्र कसं देऊ?"

मी म्हटलं, "साहेब, भिंतीवर बॅनर लावलाय आपण!"

"बॅनर म्हणजे पुरावा नव्हे, सर."

पंधरा दिवस ती रोज ऑफिसच्या पायरीवर बसायची. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत तो फॉर्म. शेवटी समितीची बैठक भरली. अजेंड्यावर चार विषय. पहिले तीन ट्रॅकसूटच्या रंगाचे. जांभळा की निळा, यावर दीड तास! चौथा विषय अंकिता. मॅडमनी घड्याळ बघितलं. "पुढच्या बैठकीत घेऊ या. कुणाची हरकत?"

फॉर्म भरायची मुदत शुक्रवारी संपत होती. हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. पण माझ्या पदोन्नतीची फाईल त्याच टेबलावर होती, त्याच मॅडमच्या हाताखाली. मी खाली मान घालून बसलो.

बाहेर आलो तर ती उठून उभी राहिली. "झाली का सर सही?"

मी म्हटलं, "बघू या गं, सोमवारी."

तारीख तिलाही पाठ होती.

*

महिनाभरानं ती कॉलेज सोडायला आली. खालापूरकडं एका रिसॉर्टमध्ये कामाला लागणार होती. मी म्हटलं, "अगं, शेवटचं वर्ष, पुरं तरी कर."

"कशाला सर?"

दाखला मिळायचा तर आमच्याकडं एक कागद फिरवावा लागतो. लायब्ररी, ऑफिस, विभाग, सगळ्यांनी सही करायची की या विद्यार्थ्याकडं आमचं काही राहिलेलं नाही. एकूण सात सह्या. शेवटची जिमखान्याची.

तिनं पिशवीतून ट्रॅकसूट काढला. धुऊन, घडी घालून आणलेला. त्यावर झोनला छातीला लावलेला नंबर ठेवला. नंबराच्या चार कोपऱ्यांतल्या चार सेफ्टी पिना काढून एका कागदात गुंडाळल्या होत्या, त्याही ठेवल्या.

"बघून घ्या सर. चार हायत."

मी कागद हातात घेतला. सहा सह्या झालेल्या होत्या. मॅडमची होती. साहेबांचीही होती, हिरव्या शाईत, तारखेसकट.

"कधी आलीस गं?"

"आत्ताच की, दहाच्या गाडीनं."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजत होते. मी पेन काढलं आणि सातवी सही केली. कागद पिशवीत घालून ती दारापर्यंत गेली, तिथं थांबली आणि माझ्या गळ्यातल्या स्टॉपवॉचकडं बघून हसली.

"लावलं व्हतं का सर? माजं बेस्ट टायमिंग आज झालं!"