मामाजींची सकाळची परेड

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी अंगण झाडायला दार उघडलं, तर जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. खाकी पँट, रबरी चपला. मी ओरडणारच होते, तेवढ्यात जीपखालून आवाज आला, "सूनबाई, तेवढी बॅटरी दे इकडं."

सासऱ्यासमोर पदर कुठवर घ्यायचा, आवाज किती ठेवायचा, हे सगळं आईनं केनवडहून पाठवणी करताना बजावून सांगितलं होतं. सासऱ्याचं तोंड जीपखाली असलं तर काय करायचं, हे मात्र सांगितलं नव्हतं. मी पदर घेऊन त्या पायांच्या हातात बॅटरी दिली. घेताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली.

"हात थंडेगार हायेत तुहे," खालून आवाज आला. "भेव वाटून राह्यलं का?"

"नाही मामाजी."

"बरं. उद्या पुन्हा इचारतो."

मामाजी फौजेत ड्रायव्हर होते. लडाखात, अरुणाचलात मोठमोठे ट्रक त्यांनी बर्फातून नेले. हवालदार होऊन परत आले, तरी गावात कोणी हवालदार म्हणत नसे. सगळ्यांचे ते फौजी. आमचं गाव शेलूबाजारहून आत, फाट्यापासून थोडं लांब. पेन्शन घेऊन बाजेवर बसले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी आल्या आल्या जुनी जीप घेतली. सकाळी मंगरूळला प्रवाशांच्या फेऱ्या, दुपारून शेत, संध्याकाळी पुन्हा फेरी. कोणी म्हणालं, "फौजी, आता आराम करा की," तर म्हणत, "सरकारनं फौजेतून रिटायर केलं. घरातून करणारं सरकार तिकडं चुलीपाशी बसलं हाये, तिचा ऑर्डर नाही आला."

चुलीपाशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, असत. त्या आतूनच म्हणत, "येतही नाही. पाणी भरा पहिले."

फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी रोज तिची तपासणी होते. तिला फर्स्ट परेड म्हणतात. मामाजी ती घरी आल्यावरही सोडू शकले नाहीत. ऑइल, पाणी, फॅनचा पट्टा, चाकातली हवा, दिवे. शेवटी इंजिन चालू करून बॉनेटपाशी कान लावून उभे राहायचे, डोळे मिटून. कुठला नवा आवाज येतो का ते ऐकायचे. जीपस्टँडवर बाकीच्या गाड्यांना लिंबू-मिरच्या टांगलेल्या, आमची जीप मोकळी. कोणी टोकलं तर सांगायचे, "लिंबानं ब्रेक नाही लागत बाप्पा, ब्रेक ऑइलनं लागते." फेरीहून आल्यावर दुसरी तपासणी. तळहात नाही, हाताची मागची बाजू चाकाच्या मध्यभागी टेकवून कोणतं चाक किती तापलं ते बघायचे. मागच्या बाजूला खरं कळतं म्हणायचे, तळहात राबून राबून बहिरा झालेला असतो.

पण आमच्या घराची खरी गंमत पुढे होती. जीपची परेड झाली की मामाजी उंबऱ्यात उभे राहायचे आणि घराची परेड घ्यायचे. आत्याबाईंना, गोळी घेतली का, गुडघा कसा. माझ्या नवऱ्याला, प्रशांतला, चष्मा पुसला का. आणि मग सगळ्यांना मिळून एकच प्रश्न: "आज कोणाच्या गाडीत आवाज येऊन राह्यला?"

म्हणजे कोणाला काय खुपतंय. तो आवाज ज्याचा त्यानं सांगायचा. छोटा असला तरी. "मेथीच्या भाजीत मीठ जास्त झालं अन् कोणी बोललं नाही," असलाही आवाज चालायचा. उपाय निघेलच असं नव्हतं. पण सांगितल्याशिवाय कोणी घराबाहेर पडायचं नाही. "आवाज लपवणारा डायवर गाडीसंगं पाच माणसंही घेऊन जाते," असं त्यांचं म्हणणं.

मी रोज म्हणायची, काही नाही. आणि मला तर आवाजच आवाज होते. मी नववीत शाळा सोडली. आईची कंबर धरली, घरचं आणि शेतातलं माझ्यावर आलं. तेव्हापासून मला कशाचीही धास्ती वाटते. कडी लावली का, दूध उतू गेलं का, लोक हसतील का. हात गार पडतात, छाती धडधडते. हे कोणाला सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मामाजी मात्र रोज विचारायचे आणि रोज "बरं, उद्या इचारतो" म्हणून निघायचे. एक दिवस मी भाकरी थापता थापता बोलून गेले, "मामाजी, मले सारखं भेवच वाटते. कायचं ते समजत नाही."

मला वाटलं हसतील. ते पाटावर बसले. म्हणाले, "भेव म्हणजे ब्रेक हाये. बिनाब्रेकच्या गाडीत मी बसत नाही. तुह्याजवळ ब्रेक हाये, चांगलं हाये. पण ब्रेकवर पाय ठेवून गाडी नाही चालवाची पोरी, त्याचं अस्तर जळते."

आत्याबाई म्हणाल्या, "झालं, आता सुनेलेही गाडी केलं!" पण त्या दिवसापासून परेडीत माझाही आवाज असायचा.

आत्याबाईंचा खांदा एका हिवाळ्यात असा धरला की हात वर जाईना. वेणी कोण घालणार? माझे हात पिठात, आणि त्यांना वेणी उजाडतानाच लागे. दुसऱ्या दिवशी बघते तर मामाजी त्यांच्यामागे बसून केस विंचरत होते. घातलेली वेणी म्हणजे ट्रकवरची ताडपत्री बांधायचा दोर. आत्याबाईंच्या भुवया वर ओढल्या गेलेल्या. "अवो, सैल करा, डोये मिटत नाहीत!" त्या ओरडल्या. "घाटात सुटली नाही पाहिजे," मामाजी म्हणाले. खांदा बरा झाल्यावरही आत्याबाई कितीतरी दिवस त्यांच्याकडूनच वेणी घालून घेत होत्या. दुखतो अजून, म्हणायच्या.

मग तो दिवस आला. मंगरूळहून परतताना डावीकडून एक सायकलवाला रस्त्यावर आला. मामाजींना तो दिसलाच नाही. मागे बसलेल्या बाईनं किंकाळी फोडली म्हणून ब्रेक लागला. कोणाला काही झालं नाही. मामाजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी जीपची परेड केली, कान लावला, मग आरशासमोर उभे राहिले. एक डोळा झाकला आणि बोट कानाकडून पुढे आणत राहिले. पुन्हा दुसरा डोळा. आम्ही सगळे उंबऱ्यात वाट बघत होतो. त्यांनी चावी काढली आणि आत्याबाईंच्या हातात दिली.

"गाडी फिट हाये," ते म्हणाले. "डायवर अनफिट."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं गेलं ते गेलं, थेंबांनी उरलेलं टिकेल. स्टँडवरचे लोक आले, कोणी म्हणे जीप विकून टाका, कोणी म्हणे एखादा पोरगा ठेवा चालवायला. मामाजी ऐकून घ्यायचे. फेरीची वेळ झाली की उठून उभे राहायचे आणि कुठं जायचं ते न सुचून पुन्हा बसायचे. ते मला बघवत नव्हतं. प्रशांतचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, विहिरीवरचे पंप तो डोळे झाकून जुळवायचा, पण गाडीत बसला की उलटी. फौजीच्या पोराला गाडी लागते, यावर स्टँडवर पोट धरून हसत.

एका सकाळी परेडीत मामाजींनी मला विचारलं, "सूनबाई, तुले सायकल येते?"

"येते."

"झालं मंग. बॅलन्स हाये. बाकी मी देतो."

आत्याबाईंनी हातातलं उलथणं खाली ठेवलं. मला वाटलं नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "शिकवा म्हणा. पण डब्बा घेऊन जा, उपाशी नका राहू दोघंही."

सोयाबीन निघालेल्या वावरात मी क्लच, गिअर शिकले. मग मामाजींनी मला पाझर तलावाच्या बांधावर नेलं, चढावर. अर्ध्यात गाडी थांबवली आणि मागच्या चाकाच्या मागे अगदी लागून आत्याबाईंचा डबा ठेवला. "फौजेत काडीपेटी ठेवत होते," म्हणाले. "पण काडीपेटीचं कोणाले वाईट वाटते? आता गाडी पुढं काढ. मागं एक बोट सरकली तर जेवण गेलं."

गेलं. मी क्लच भसकन सोडला, इंजिन बंद पडलं, गाडी मागे आली आणि कर्रकन आवाज झाला. खाली उतरून बघितलं तर डबा पोळीसारखा. मी रडायला लागले. मामाजींनी डबा उचलला, पेचकसानं झाकण उचकटलं. झुणका आणि भाकरी एकजीव झालेली. बांधावर बसून त्यांनी अर्धी मला दिली. "तुह्या सासूच्या भाकरीवर ट्रक गेला तरी चव नाही जात," म्हणाले. मी हसले तेव्हा हात गरम झाल्याचं मला आठवतं. तो डबा ठोकून ठोकून त्यांनी पुन्हा उघडण्याजोगा केला. पुढे तोच रोज चाकामागे असायचा, आणि एक दिवस गाडी पुढे गेली, डबा तसाच राहिला.

लायसन आलं, प्रवासी गाडीचा बॅज आला. पहिल्या फेरीला मामाजी बाजूच्या सीटवर. जन्मात कधी प्रवाशांना हाका न मारलेला माणूस शेलूबाजारच्या चौकात ओरडत होता, "मंगरूळ, मंगरूळ!" लोक यायचे, मला स्टिअरिंगवर बघायचे आणि मागच्या जीपकडे वळायचे. एक ओळखीचा गडी मोठ्यानं म्हणाला, "फौजी, देश वाचवला, आता आमाले बाईच्या हाती देता का?"

मामाजी म्हणाले, "तुह्या मायनं तुले नऊ महिने वागवलं, कुठं धडक बसली का? बस गुमान."

सगळा स्टँड हसला. तो गडीही हसला, आणि पहिला तोच बसला. मग गाडी भरली.

गाव सुटलं आणि अरुंद पुलाच्या तोंडाशी समोरून एसटी आली. पुलाअलीकडे चढ. मी थांबले, एसटी गेली, आणि मला गाडी पुढे काढता येईना. मागे हॉर्न वाजायला लागले. हात गार पडले. हँडब्रेक मामाजींच्या हाताशीच होता, पण ते हात मांडीवर ठेवून बसले होते. एवढंच म्हणाले, "आवाज सांग."

"मामाजी, पाय थरथरून राह्यला."

"कोणता?"

मी बघितलं. "डावा."

"उजवा बरा हाये ना?"

"हाये."

"मंग झालं तर. गाडी उजव्यानं चालते. डाव्याले थरथरू दे, फक्त हळू उचल म्हण त्याले."

मी हळू उचलला. जीप पुढे निघाली, मागे बोटभरही न सरकता. मंगरूळला सगळे उतरले. मामाजींनी खाली उतरून चारही चाकांना उलटा हात लावला. मग माझ्या हाताला लावला. चहा सांगितला.

पाच-सहा वर्षं मी ती जीप चालवली. मग प्रशांतला बंगळुरूला कामाची चांगली जागा मिळाली. मला जायचं नव्हतं. भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही, परेडीत मी रोज तोच आवाज सांगायची. मामाजी म्हणाले, "मी तुले गाडी शिकवली ते या चौकात घिरट्या घालाले नाही. जाय. आवाज फोनवर सांगजो." जीप विकली. ज्यानं घेतली त्या शेजारच्या पोराच्या दारात ते दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर. पोरगा म्हणाला, "फौजीकाका, गाडी आता माही हाये." हे म्हणाले, "गाडी तुही, परेड माही." त्यानं मुकाट्यानं बॉनेट उघडलं म्हणे.

इथे मी शाळेची बस चालवते. लेकरं मला अक्का म्हणतात. रोज बस काढण्याआधी मामाजींचा फोन यायचा. "आवाज?" मी सांगायची. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "जुनं मॉडेल हाये, खडखड चालूच राहाची." मागच्या थंडीत एकदा मात्र त्यांनीच आधी सांगितलं. "सूनबाई, आज माह्या गाडीत आवाज हाये. छातीत. पायरी चढतो तवा येते."

त्यांनी लपवलं असतं तर आम्हाला ते भेटलेच नसते. त्यांनी सांगितलं म्हणून आत्याबाईंनी त्याच तासाला शेजारच्या पोराची तीच जुनी जीप काढायला लावली, आणि वाशिमच्या दवाखान्यात ते वेळेवर पोचले. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, पण थोडे दिवस हाती आहेत. आम्ही बंगळुरूहून निघून पोचलो तेव्हा ते उशीला टेकून आत्याबाईंची वेणी घालत होते. या वेळी सैल पडली होती. आत्याबाईंनी ती तशीच ठेवली.

एव्हाना त्यांना समोरचंही धूसर दिसायचं. मी जवळ बसले तर हात पुढे केला, उलटा. माझ्या हाताला टेकवून थोडा वेळ ठेवला.

"कोमट हाये," ते म्हणाले. "बराबर. एवढंच पाहिजे." मग म्हणाले, "लेकराईची बस कोण चालवून राह्यलं?"

"बदली ड्रायव्हर आहे मामाजी."

"परेड करते का तो?"

त्यानंतर काही दिवसांनी ते गेले. गावातल्या बुद्धविहारातली सगळी माणसं आली, आणि जीपस्टँडही आला. त्या दिवशी मंगरूळची एकही जीप भरली नाही.

मी परत आले तेव्हा पहिल्या सकाळी डेपोत बसपाशी उभी राहिले, फोन हातात घेऊन. तो वाजणार नव्हता. तरी मी वाकून चाकं पाहिली, पाणी पाहिलं, इंजिन सुरू करून कान लावला. बसमध्ये लेकरांना सांभाळायला एक बाई असते, इथलीच, मोडकं हिंदी बोलते. इतकी वर्षं मला रोज फोनवर मामाजींना उलट तोच एक शब्द विचारताना तिनं ऐकलंय. ती दारात उभी होती. तिच्या हातात माझी पिशवी, तीत बांधावरचा तो चेमटलेला डबा. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "अक्का, आवाज?"

"डावा पाय," मी म्हणाले. "उजवा बरा आहे."

ती चढली. मी बस काढली.