उजागरे सरांनी मला टेबलावर बसवलं

सुमंतराव उजागरे सरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या सावेडीतल्या कार्यालयात झाली, आणि त्या भेटीत मी त्यांच्यावर मनातून रागावले. पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथातला लेख असा सुरू करू नये, हे मला कळतं. पण सरांना गुळमुळीत काही आवडत नाही, मग ते स्लॅबच्या गणितात असो की माणसाच्या कौतुकात.

मी नुकतीच सिव्हिल इंजिनिअर झाले होते. साईटवर जाऊन बांधकाम करून घ्यायचं की कार्यालयात बसून इमारतींचं डिझाइन करायचं, हे ठरत नव्हतं. खरं तर मन साईटकडेच ओढत होतं. आमच्याकडच्या नव्या इंजिनिअरांनी हा प्रश्न घेऊन उजागरे सरांकडे जायचं, अशी रीतच होती. पाथर्डीहून वडील माझ्याबरोबर आले. ते आणि आई दरवर्षी ऊसतोडीला जातात. सरांसमोर खुर्चीच्या कडेवर बसून ते म्हणाले, "सर, पोरगी म्हनती साईटवर जाऊ का टेबलावर बसू. आमाला त्यातलं काय कळत न्हाई. तुमी सांगताल ते."

सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "टेबलावर बसू द्या. सोमवारपासून माझ्याकडेच येऊ द्या."

"लई बरं झालं," वडील म्हणाले. "पोरगी सावलीत ऱ्हाईल." परतीच्या एसटीत ते खुशीत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

रुजू झाल्यावर कळलं, सर आजवर प्रत्येकाला नेमकं उलटं सांगत आले होते: आधी साईट, मग टेबल. काँक्रीट ओततानाची धावपळ ज्याने पाहिली नाही त्याने नकाशाला हात लावू नये, असा त्यांचा दंडक. स्लॅबचे टेकू निघाले की त्याखाली सर्वांत आधी ते स्वतः जाऊन उभे राहत. "गणित माझं, तर पहिलं डोकंही माझंच," असं म्हणत. मग मलाच सावली कशाला? मुलगी म्हणून, असा मी अर्थ लावला आणि गाल फुगवून काम करू लागले.

शिकवावं मात्र सरांनीच. कार्यालयाच्या कोपऱ्यात त्यांनी तुळई आणि खांब जिथे मिळतात त्या सांध्याचा, खऱ्या सळयांचा पिंजरा बांधून ठेवला आहे. माझ्या एका नकाशात मी त्या सांध्यात सळयांची नुसती गर्दी केली होती; जास्त लोखंड म्हणजे जास्त मजबुती, हा टेबलावरच्या लोकांचा आवडता गैरसमज. सरांनी तेवढ्या सळया मला पिंजऱ्यात बसवायला लावल्या आणि म्हणाले, "आता हात घाल." हात मनगटापाशीच अडकला. "तुझा हात जात नाही, तर खडी कशी जाईल? आत पोकळी राहील, आणि वरून कुणाला दिसणारही नाही." ते ओरडले नाहीत. नकाशा माझ्यापुढे ठेवला आणि दोघांसाठी चहा सांगितला.

दिवाळीच्या आतच आईवडील तोडीला निघून जात आणि गावच्या घराला कुलूप लागे. हे सरांना कळलं तेव्हापासून माझी दिवाळीही त्यांच्या घरी आणि नाताळही. सरांच्या पत्नी सुशीलाबाई दोन्ही सणांना सारख्याच हौसेने करंज्या करतात. अशाच एका नाताळात करंज्या भरता भरता त्यांनी मला शेरॉनबद्दल सांगितलं.

शेरॉन ही त्यांची एकुलती एक मुलगी. तीही इंजिनिअर. तिनेही वडिलांना हाच प्रश्न विचारला होता, आणि सरांनी तिला इतरांसारखंच सांगितलं: आधी साईट. परगावच्या एका इमारतीत लिफ्टसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेवरची फळी कुणीतरी सरकवली होती. संध्याकाळी काम संपवून खाली येताना शेरॉनचा पाय तिथे पडला आणि ती गेली. मी वडिलांबरोबर सरांकडे गेले ती त्याच्या पुढच्याच वर्षी. शेरॉन गेल्यापासून सरांनी एकाही साईटवर पाऊल ठेवलेलं नव्हतं. "मीच पाठवलं तिला, एवढंच म्हणतात," बाई म्हणाल्या. माझा राग त्या दिवशी गेला, पण सरांसमोर बसून काम करणं त्यानंतर जास्त अवघड झालं.

आनंदाच्या ग्रंथात हे लिहावं का, म्हणून मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही गं. तिचं नाव आता कुणी घेतच नाही."

गेल्या वर्षी सुप्याजवळ उभ्या राहणाऱ्या एका कारखान्याच्या बांधकामावर मला बोलावणं आलं. रविवारी सर चर्चमधून घरी आल्यावर मी विषय काढला.

"नको," ते म्हणाले. "तुझं डिझाइन चांगलं आहे. इथे काय कमी आहे तुला?"

"कमी काहीच नाही, सर. पण कागदावर काढलेलं उभं राहताना मला बघायचंय."

"नको म्हटलं ना."

बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, एक पोर साईटनं नेली. म्हणून ही दुसरी तुम्ही टेबलाला बांधून ठेवणार का?"

सर रडले. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची माझ्यात ताकद नाही. डोळे पुसून ते म्हणाले, "जा. पण रोज संध्याकाळी खाली उतरलीस की मला फोन करायचा."

मी रोज करते. "सर, उतरले." ते "बरं" म्हणतात, पण फोन लगेच ठेवत नाहीत. एकदा सुप्यात रेंज गेली आणि फोन लागेना. साईट बंद करून गेटपाशी आले, तर सर भाड्याची गाडी करून तिथे येऊन उभे. इतक्या वर्षांनी साईटच्या दारात! आत आले नाहीत. मला वरून खालपर्यंत पाहिलं, "उतरलीस ना? मग झालं," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

सरांनी डिझाइन केलेल्या शाळा, पूल, पाण्याच्या टाक्या यांबद्दल या ग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच. सरांचं दुःख हलकं व्हावं, असं मी म्हणणार नाही. ते होणार नाही हे बाईंना ठाऊक आहे आणि मलाही. सरांची तब्येत ठणठणीत राहावी, त्यांना भरपूर आयुष्य मिळावं, आणि मी साईटवर काम करते आहे तोवर रोज संध्याकाळी माझा फोन त्यांनीच उचलावा, एवढंच देवाकडे मागते.