विहीणबाईंची यादी

आमच्या घरातला माणूस समुद्रावर जातो तो बहुधा मडक्यातून. बाकीचे त्याला पोचवायला जातात, ओल्या कपड्यांनी परत येतात आणि पुढचं मडकं भरेपर्यंत समुद्राची आठवणही काढत नाहीत. तंजावूरहून समुद्र मोटारीने तीन तासांवर आहे. पण नुसतं वाळूत बसायला, मजेखातर आम्ही तिथे कधी गेल्याचं मला आठवत नाही. म्हणून मुलाच्या होणाऱ्या सासूबाईंचा पुण्याहून फोन आला की लग्नाआधी दोन्ही घरांनी दोन दिवस एकत्र काढू, तरंगंबाडीला समुद्रकाठी हॉटेल बघितलंय, तेव्हा ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"कोण वारलं?"

कोणी वारलेलं नाही, सहल आहे, हे त्यांना पटवायला मला कॉफीचे दोन पेले लागले. हे तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. कागदावर कारण लिहिलेलं नसेल तर ते जागचे हलत नाहीत. घरात आमच्यासोबत ह्यांची थोरली बहीण राहते. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. वय एकाहत्तर. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी शाळा सुटल्याचं तिला कोणी कळवलेलं नाही. मी रोज बसने ओरत्तनाडूला जमीन नोंदणीच्या सरकारी कचेरीत नोकरीला जाते. तिथे साहेबाला घाबरत नाही तेवढी घरी अक्काला घाबरते. मुलगा बेंगळुरूत, तिथेच त्याला पुण्याची मुलगी भेटली. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावूरचे मराठी. आपलीच भाषा बोलणारी सून मिळाली म्हणून आम्ही खूश झालो, आणि मग तिची भाषा ऐकून जरा गप्प झालो. ती फार भरभर बोलते.

जायच्या आठवडाभर आधी विहीणबाईंनी माझ्या फोनवर यादी पाठवली. उन्हाळ्यात समुद्रावर जाताना काय न्यावं आणि काय नेऊ नये, असे अठरा मुद्दे, आकडे घालून, शुद्ध देवनागरीत. आपण सगळे मराठीच, असा त्यात जिव्हाळा होता. अडचण एवढीच की आमच्या घरात मराठी बोलतात सगळे, पण किराण्याची यादी आणि प्रेमपत्रं तमिळमध्ये लिहितात. देवनागरी येते ती एकट्या मला. माझ्या वडिलांनी लहानपणी कान पिळून शिकवली होती.

"वाच," अक्का म्हणाली. ती वांगी चिरत होती. हे वर्तमानपत्र बाजूला ठेवून बसले.

मी वाचू लागले. पहिला मुद्दा: प्रत्येकी एकच बॅग. दुसरा: सुती, फिक्या रंगाचे, सैल कपडे. तिसरा: दागिने आणू नयेत.

अक्काची विळी थांबली. "मुलीकडची माणसं आम्हास दागिने घालू नका म्हणतात?"

"वाळूत हरवतात म्हणून, अक्का."

"मी हरवत नाहीं."

चौथा मुद्दा: खायचे पदार्थ आणू नयेत, हॉटेलात सगळं मिळतं. "उगीच म्हणायचं म्हणून म्हणतात," अक्का म्हणाली आणि विळी पुन्हा चालू झाली. त्यानंतर माझे डोळे पाचव्या मुद्द्यावर गेले. तिथे लिहिलं होतं: पोहण्याचा पोशाख, प्रत्येकी एक, महिलांनीही आणावा.

मी समोर बघितलं. नऊवारी कमरेला खोचून बसलेली अक्का. हिच्या शाळेत मुलींच्या वेणीची रिबन सैल झाली तर पालकांना बोलावणं जायचं. मी दम घेतला आणि वाचलं, "पाच. अंग पुसायला टॉवेल, प्रत्येकी एक."

सहावा मुद्दा खरोखरच टॉवेल होता. आता काय करणार? तोही वाचला.

"पुन्हा टॉवेल?" हे म्हणाले. "पुण्याची माणसं दोनदा ओली होतात काय?"

सातव्यात पुरुषांना अर्धी विजार सांगितली होती. ह्यांचे गुडघे लग्न झाल्यापासून मीसुद्धा धड पाहिलेले नाहीत. मी "मोकळेढाकळे कपडे" असं वाचून पुढे गेले. उन्हाचं क्रीम, टोपी, रबरी चपला, जुलाबाच्या गोळ्या हे सगळं इमानाने वाचलं. दोनच जागी खोटं बोलले. सरकारी नोकरीत एवढं चालतं, अशी मी माझी समजूत काढली.

मग सामान बांधणं सुरू झालं. प्रत्येकी एक बॅग हा नियम अक्काला मान्य होता, पण तिच्या मते डबा म्हणजे बॅग नव्हे, पिशवी म्हणजे बॅग नव्हे आणि बादली तर नव्हेच. बादलीत चिंचेचा भात होता. डब्यात ताकातल्या तळणीच्या मिरच्या. पिशवीत पितळी कॉफी फिल्टर, कारण हॉटेलची कॉफी म्हणजे पाप. ह्यांनी इस्त्री घेतली. शिवाय तांब्याचा तांब्या, तीळ आणि दर्भ.

"हे कशाला?" मी विचारलं.

"एवढं लांब जातोच आहोत," हे म्हणाले, "तर चार पूर्वजांचं उरकून घेतो. त्यांना तरी काय, सुट्टीच आहे."

टॉवेल आठ घेतले. चार माणसांना प्रत्येकी दोन. मुलगा बेंगळुरूहून आदल्या दिवशी आला होता. मोटारीत सामान भरताना त्याने अकरा नग मोजले, माझ्याकडे बघितलं आणि डिकी लावून घेतली. शहाणा मुलगा आहे.

हॉटेलच्या दारात विहीणबाई उभ्या होत्या. रुंद टोपी, काळा चष्मा, पांढरा सदरा आणि पायाशी चाकांची एक लहानशी बॅग. त्यांचे यजमान कामामुळे येऊ शकले नव्हते, त्यामुळे मायलेकीच आल्या होत्या. आमच्या मोटारीतून आधी बादली उतरली, मग इस्त्री, मग आम्ही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "राहायलाच आलात की काय?"

अक्काने हे कौतुक समजून घेतलं. "आहे थोडं थोडं," म्हणाली.

पहिला अर्धा दिवस बरा गेला. विहीणबाईंनी सगळ्यांना उन्हाचं क्रीम वाटलं. अक्काने ते तळहातावर घेतलं आणि तीन बोटांनी कपाळावर आडवं ओढलं, भस्मासारखं. होणारी सून खोकल्याचं निमित्त करून वाळूकडे वळली. समुद्र खवळलेला होता. हॉटेलच्या माणसांनी पाय भिजतील त्यापुढे जाऊ नका असं बजावलं होतं. ह्यांनी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळलेलं धोतर, गुडघ्यापर्यंत वर घेऊन, म्हणजे गुडघे झाकलेलेच ठेवून, पूर्वजांचं काम उरकलं. तीळ वाऱ्याने उडून एका फिरंगी जोडप्याच्या फळांच्या थाळीत पडले. त्यांनी ते आनंदाने खाल्ले.

दुपारी जेवण झाल्यावर आम्ही पोहण्याच्या तलावापाशी छत्रीखाली बसलो. निळं, स्वच्छ, हलकं हलणारं पाणी. अक्का बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग उठली, पदर खोचला आणि पायऱ्यांवरून थेट पाण्यात उतरू लागली.

तलावाची देखरेख करणारा मध्यमवयीन मनुष्य धावत आला. हात जोडून तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, साडी नेसून उतरता येणार नाही. नियम आहे."

"मग काय नेसून?" अक्काने विचारलं.

त्याने अवघडून दुसरीकडे बघितलं. विहीणबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. "अहो अक्का, मी लिहिलं होतं की! पाचवा मुद्दा. पोहण्याचा पोशाख, महिलांनीही."

मी फोन पिशवीत खोल ढकलला.

"पाचव्यात टॉवेल होतें," अक्का म्हणाली.

"छे! टॉवेल सहाव्यात."

"सहाव्यातही टॉवेल होतें."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग दोघींनी माझ्याकडे. मुलाने डोक्यावर टॉवेल ओढून घेतला. त्याच्याकडे दोन होते.

अक्का पायरी चढून वर आली. पावलं ओली होती, फरशीवर त्यांचे ठसे उमटत होते. "फोन आण," ती म्हणाली. "आतां खरं वाच."

मी वाचलं. एकावन्न वर्षांची बाई, सरकारी नोकर, होणाऱ्या सुनेसमोर उभी राहून अठरा मुद्दे मोठ्याने वाचत होते. सातव्याला, म्हणजे अर्ध्या विजारीला, सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, आणि ह्यांनी वेष्टी आणखी खाली ओढली. अठरावा मुद्दा असा होता: आणि सोबत मोकळं मन आणावं. माझ्या आयुष्यात एवढं लांब वाक्य मी वाचलेलं नाही.

"तुज काय वाटलें," अक्काने विचारलं, "मी ऐकून बेशुद्ध पडेन?"

"तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं."

"मज विचारलीस?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती खुर्चीत बसली. आवाज चढला नव्हता, ह्याचीच मला जास्त भीती वाटली. मग माझ्याकडे न बघता ती विहीणबाईंना सांगू लागली. आमच्या गावाला कालवा आहे, कावेरीचं पाणी शेतांना नेणारा. लहानपणी ती त्यात रोज पोहायची. भावांच्या आधी तीच पलीकडे पोचायची, आणि हे तर काठावर बसून रडायचे. बारावं वर्ष लागलं आणि एके सकाळी कालव्यावर जायचं बंद झालं. कारण सांगितलं नाही, विचारायचीही सोय नव्हती. "तेव्हांही घरच्यांनीच ठरवलें," अक्का म्हणाली. "माझ्या भल्यासाठीं."

मला तिचं हे पोहणं माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं मी तिच्याबरोबर एका घरात राहते. तिला कुठल्या डाळीने वात होतो ते मला ठाऊक आहे. हे ठाऊक नव्हतं.

ह्यांनी घसा साफ केला. "मी रडत नव्हतों," ते म्हणाले. त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

विहीणबाई उठल्या. "माझ्याकडे एक जास्तीचा आहे," म्हणाल्या. "कोरा, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही. चला." आणि त्या अक्काला हात धरून खोलीत घेऊन गेल्या.

वीस मिनिटांनी अक्का आली. गुडघ्यापर्यंत काळा पोशाख, वरून आमच्या आठांपैकी एक टॉवेल खांद्यावर आणि एक कमरेला. विहीणबाई अंगाने भरलेल्या आणि अक्का काटकुळी, म्हणून पोशाख पाठीमागे दोन पिनांनी आवळलेला. केसांचा अंबाडा तसाच, कपाळावर क्रीमचे तीन पट्टे तसेच. कानातल्या हिऱ्यांच्या कुड्यासुद्धा तशाच, कारण त्या ती हरवत नाही. तलावावरच्या मनुष्याने कवायतीतल्यासारखे पाय जुळवले. अक्काने दोन्ही टॉवेल माझ्या अंगावर टाकले आणि पाण्यात गेली.

ती सुंदर पोहली असं मी म्हणणार नाही. मान बकऱ्यासारखी वर, हात वेडेवाकडे, तोंडाने फू फू. पण ती थांबली नाही. पलीकडच्या काठाला हात लावला, वळली आणि परत आली. धाप लागली होती. नाकातून पाणी गळत होतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचं व्याकरण तिने चुकीचं ठरवलं तेव्हा.

"तुम्ही या कीं," ती विहीणबाईंना म्हणाली.

विहीणबाईंनी टोपी सारखी केली. त्यांचा स्वतःचा पोशाख अंगात होता, वर सदरा. पाण्याचा चष्मा होता, रबरी टोपी होती, कानात घालायचे बोळेसुद्धा होते. "मी बसते," म्हणाल्या.

"आईला पोहता येत नाही," होणाऱ्या सुनेने सांगून टाकलं. "दर वर्षी सगळं घेऊन येते आणि काठावर बसते."

"उतरा," अक्का म्हणाली. तो आवाज मुख्याध्यापिकेचा होता, आणि त्या आवाजापुढे पुणेही चालत नाही. विहीणबाई शिडी धरून उतरल्या, पाणी कमरेला लागताच किंचाळल्या आणि अक्काच्या गळ्यात पडल्या. अक्काने त्यांना आडवं केलं. पाठीखाली एक हात धरला. "पोट वर. वर! आकाश बघा. पाय कशास झाडतां? पाणी आपलं काम करील, तुम्ही गप्प पडा." मग त्यांना न सांगता तिने हात काढून घेतला. विहीणबाई तीनेक श्वास तरंगल्या. चौथ्याला त्यांना ते कळलं आणि त्या बुडाल्या. पाणी तिथे छातीएवढंच होतं, तरी त्यांनी हॉटेल डोक्यावर घेतलं. खोकून झाल्यावर म्हणाल्या, "पुन्हा."

मी पाय पाण्यात सोडून काठावर बसले. माझ्याकडे पोशाख नव्हता, आणि तो का नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी अक्काशेजारची खुर्ची घेतली. "माझं चुकलं," म्हटलं. रात्रभर ह्यापेक्षा मोठं काहीतरी जुळवत होते, ऐन वेळी एवढंच आलं.

तिने माझ्या ताटलीकडे बघितलं. "इडली निवते आहे," म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःची चटणी माझ्याकडे सरकवली. "ओरत्तनाडूच्या कचेरीतही असंच वाचतेस काय?"

"नाही."

"बरं आहे. नाहींतर लोकांच्या जमिनी जायच्या."

निघताना विहीणबाईंनी पोशाख परत घेतला नाही. लग्न तमिळ आवणी महिन्यात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस, तंजावूरला झालं, साधंच. मांडवात दोघी कोपऱ्यात बसून हातांनी हवेतच पाणी मागे लोटल्यासारखं काहीतरी करत होत्या, आणि भटजींना वाटलं त्यांना वारा हवाय, म्हणून त्यांनी पंखा वाढवला.