गुलाबाच्या वाफ्यातली पावडर

काकांकडे काडतुसं भरताना मापात उरलेली बंदुकीच्या दारूची पावडर मी बोलण्याच्या नादात भलत्याच डब्यात ओतली आणि लाजेपोटी गप्प राहून घरी आलो. अशी भेसळ काडतुसात गेली तर रायफल हातातच फुटू शकते, हे मला ठाऊक होतं.

इथे अमेरिकेत, चँडलरमधले आमचे शेजारी, हे नागपूरचे काका, आता मुलीकडे रेडमंडला गेलेत. त्यांचं बंद गॅरेज दिसलं की अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. शनिवारी सकाळी तिथे ते आपल्या रायफलची काडतुसं भरत. डबा उघडण्याआधी त्याचं लेबल मोठ्याने वाचत. “ही उतावळी आहे बाप्पा, भसकन जळते. आपल्याला सावकाश जळणारी पाहिजे,” म्हणत तो डबा कपाटात ठेवत आणि मगच दुसरा काढत. टेबलावर दोन डबे कधीच नसत. त्या दिवशी मला दोन्हींचे दाणे शेजारी शेजारी बघायचे होते, म्हणून त्यांनी नियम मोडला.

दुपारी न राहवून मी फोन केला. “काका, तो डबा वापरू नका.”

“केव्हाच गुलाबाच्या वाफ्यात ओतला, खत होते त्याचं. दोन तऱ्हेचे दाणे दिसले ना मला त्यात! तुझ्या फोनचीच वाट पाहून राहिलो होतो.”

“तिथेच सांगायला हवं होतं, काका. माफ करा,” मी म्हणालो.