माझे पालक, माझ्या लेकाहून लहान

“हितं भूमच्या कॉलेजापर्यंत ठीक होतं. धाराशिवला एकटी पोर ठेवणार न्हाय,” अश्विनीचे वडील सरांच्या टेबलावर हात आपटून म्हणाले. अश्विनी माझ्या वर्गातली, ईट गावची. तिला भूगोलात एम.ए. करायचं होतं.

“दादा, पोरगी हुशार आहे,” सर म्हणाले.

“म्हणूनच धास्ती वाटती.”

हे भांडण जरा तिथंच राहू द्या. सरांच्या केबिनमधले किस्से माझ्याकडं इतके साचलेत, की एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात.

आमच्या कॉलेजात प्रत्येक प्राध्यापकाला काही विद्यार्थी वाटून देतात. तो त्यांचा पालक. पुढं काय शिकायचं, काय व्हायचं, हे त्यानं विचारायचं. मी दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले, दहावी-बारावी बाहेरून काढली आणि नातवंडांच्या वयाच्या पोरांत बी.ए.ला बसले. कुणाचे उपकार न्हाईत. माझे पालक मात्र माझ्या लेकाहून लहान निघाले.

पहिल्याच दिवशी सर सवयीनं विचारून गेले, “आईवडील काय करतात?”

“दोघंबी वर हायेत. आता तुमीच.”

*

पुढच्या भेटीत प्रश्न आला, “आजी, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?”

“भिंतीवरचा फोटो सोडून कुठंबी.”

*

मग मोबाइलवर कल चाचणी. मला आलं, लष्कर. सून म्हणाली, “हे सांगायला मोबाइल कशाला लागतो?”

सरांनी गंमत म्हणून स्वतःची करून बघितली. त्यांना आलं, ‘अनुभवी व्यक्तीचा सल्ला घ्यावा.’ बराच वेळ माझ्याकडं बघत बसले बिचारे.

*

एकदा आठवडी बाजारापायी मी तास बुडवले. नियमाप्रमाणं सरांनी घरी फोन लावला. माझा लेक म्हणाला, “सर, तुमीच समजवा. आमचं ऐकत न्हाय ती.”

*

तर अश्विनीचे वडील. आमच्या दोघींची शेवटची परीक्षा झालेली. सर तिचे मार्क सांगत होते, वडील नकारार्थी मान हलवत होते आणि पोरगी ओढणीचं टोक पिळत उभी. शेवटी वडील उठलेच.

“तिथल्या वसतिगृहात हिच्या वळखीचं कोण हाय? ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवील?”

सर पुन्हा मार्कांचा कागद चाळायला लागले. पालकांच्या ट्रेनिंगमधे हे शिकवलेलं नसावं. मी माझी खुर्ची पुढं ओढली.

“दादा, वरची खाट तिची, खालची माझी. माझं गुडघं दुखतेत.”